गाडीतला सीबी रेडिओ : परवाना नको, पण पलीकडे कोण?

भारतात सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, रेडिओ वापरायला परवाना लागत नाही. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा सर्वांना मोकळा केला. ५ वॅटच्या मर्यादेतला मान्यताप्राप्त संच गाडीत ठेवता येतो, त्यावर बोलताही येतं. एवढी मोकळीक असूनही रायपूरच्या समता कॉलोनीतून निघावं, जी. ई. रोडने टाटीबंध गाठून नागपूरच्या वाटेला लागावं आणि संचाचे चॅनेल एकेक करून फिरवावेत, तर थेट देवरीपर्यंत खरखरीशिवाय बहुधा काहीच कानी पडणार नाही. सीबीविषयीची चर्चा खरं तर इथून सुरू व्हायला हवी. ती सुरू होते "कोणता सेट घेऊ?" या प्रश्नापासून, आणि तिथेच पैसे वाया जातात. माझ्या मते आधी पलीकडे कोण बोलणार ते ठरवावं, मग अँटेना कुठे बसेल ते पाहावं आणि संचाचा विचार सगळ्यात शेवटी करावा.

बाहेरच्या देशांत हे यंत्र एवढं गाजलं कसं आणि आपल्याकडे रुजलं का नाही, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९५८ साली नागरिकांना २७ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिथे वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत हे ट्रकवाले सीबीवरून एकमेकांना सांगू लागले आणि बघता बघता हे वेड घराघरांत पोचलं. गर्दी इतकी झाली की १९७७ मध्ये २३ चॅनेलचे ४० करावे लागले. ब्रिटनमध्ये १९८१ पर्यंत सीबीला बंदी होती, तरी लोक बोलतच होते; शेवटी सरकारनेच वाट करून दिली. आपल्याकडे १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता आणि त्याची जरबही होती. घरात नुसता गाणी ऐकायचा रेडिओ असला तरी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. जिथे ऐकायला परवाना, तिथे बोलायला कोण धजणार? पुढे पट्टा मोकळा झाला, पण त्याच्या दोन वर्षं आधी, २००३ मध्ये, मोबाइलचं इनकमिंग फुकट झालं होतं. ट्रक ड्रायव्हरच्या खिशात फोन आला आणि सीबीची वेळ टळून गेली.

म्हणून भारतात सीबीवर अनोळखी माणूस भेटेल ही आशा सोडून द्यावी. परदेशी पुस्तिकांत चॅनेल ९ आणीबाणीचा आणि १९ ट्रकवाल्यांचा असं लिहिलेलं असतं. इथे ९ वर हाक मारली म्हणून कोणी धावून येत नाही. त्यासाठी ११२ आहे. मग हा संच कामाचा कोणाला? जे स्वतःच दोन-चार गाड्या घेऊन निघतात त्यांना. समता कॉलोनीत, शेजारच्या चौबे कॉलनीत, जुन्या तात्यापाऱ्यात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. नागपूर-अमरावतीकडे सोयरीक असली की लग्नाचं वऱ्हाड तीन-चार गाड्यांतून निघतंच. दिवाळीत जगदलपूरला, थंडीत बारनवापाऱ्याला अशा सहलीही होतात. अशा ताफ्यात एरवी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची गाडी टोल ओलांडून गेलेली असते, मागच्या गाडीचा फास्टॅग वाचला जात नाही, फोन लावावा तर काकूंचा फोन पर्समध्ये आणि पर्स डिकीत. सीबीवर हेच काम एका वाक्यात होतं : "नाना, आम्ही टोलवर अडकलोय, साकोलीच्या अलीकडे कुठेतरी थांबा." नंबर फिरवायचा नाही, कोणी उचलेल याची वाट पाहायची नाही, आणि चारही गाड्यांना ते एकदमच कळतं. फोनच्या ग्रुप कॉलवरही हे जमतं, पण टॉवर असेल तोवरच. महामार्ग सोडून जंगलात शिरलं की त्याची खात्री राहत नाही.

आता कायद्याची हद्द. परदेशी संचावर ४० चॅनेल असतात, २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. आपला मोकळा पट्टा २७.२८३ ला संपतो. २७ वा चॅनेल २७.२७५ वर आहे, तो आत बसतो. २८ वा २७.२८५ वर, तो बाहेर पडतो. म्हणजे आपल्यासाठी चॅनेल १ ते २७ एवढेच. पुढचे १३ संचात दिसले तरी ते आपले नाहीत, आणि ही गोष्ट गाडीतल्या प्रत्येक बोलणाऱ्याला आधीच सांगून ठेवावी. ब्रिटनमधल्या जुन्या संचांचा तर पट्टाच वेगळा, २७.६ मेगाहर्ट्झच्या वरचा. तसला संच कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये. शिवाय संचाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणमान्यता, हवी. कोब्रा, युनिडेन, मिडलँड, प्रेसिडेंट ही नावं जगभर चालतात, पण नुसत्या नावावर भागत नाही. नेमक्या मॉडेलची मान्यता विक्रेत्याकडून कागदावर घ्यावी. "सगळे घेतात हो, कोणी विचारत नाही" असं उत्तर आलं तर दुकानातून बाहेर पडावं.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दलही सांगायला हवं, कारण अर्धी गडबड तिथूनच होते. भाचा अमेरिकेहून खेळण्यासारखी वॉकीटॉकीची जोडी आणतो; ती ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालते. ऑस्ट्रेलियात तर गाडीतली सीबी म्हटलं की लोक ४७७ मेगाहर्ट्झचाच संच दाखवतात. तिकडे ते कायदेशीर, इकडे नाही. भेट प्रेमाची असली तरी ती कपाटात राहिलेली बरी.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या चिनी हँडसेटचं प्रकरण आणखी बिकट आहे. बाओफेंगसारखे हे संच हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले, पोलीस, अग्निशमन अशा कोणाच्याही पट्ट्यात बोलू शकतात आणि लेह-लडाखच्या टूरवर ते बिनधास्त वाटले जातात. परवान्याशिवाय ते बाळगणंही गुन्हा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवरून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना १३ नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक सूचनाही आणल्या. छत्तीसगडात तर जास्तच जपायला हवं. बस्तरच्या वाटेवर नक्षलविरोधी बंदोबस्ताचे नाके वर्षानुवर्षं लागत आले आहेत. तिथे गाडीत वायरलेस सापडला तर शिपाई चौकशी करणारच, आणि ते त्याचं कामच आहे. सीबी संचाची पावती, ईटीएची प्रत आणि नियमाचा एक छापील कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. नाक्यावर आपण होऊन सांगावं, लपवू नये.

२७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपण एकटे नाही, ही माहिती विक्रेता सहसा देत नाही. २६.९५७ ते २७.२८३ हाच पट्टा उद्योग आणि वैद्यक क्षेत्रातल्या यंत्रांनाही दिलेला आहे. त्याच्या बरोबर मध्यावर, २७.१२ मेगाहर्ट्झला, फिजिओथेरपीतलं शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र चालतं. पाठदुखीवर शेक द्यायला डॉक्टर ज्या दोन पट्ट्या लावतात तेच ते. रेक्झिन आणि पीव्हीसी जोडायची वेल्डिंग यंत्रंही इथलीच, आणि जुनी रिमोटची खेळणीही. या यंत्रांची शक्ती शेकडो वॅटची असते, तिथे आपल्या संचाचे ४ वॅट कुठे पुरणार? शहरात अमुक गल्लीतून जातानाच संचात घूं घूं आवाज येतो आणि गल्ली संपली की थांबतो, तर बहुधा असलंच काही असतं. चॅनेल १३ आणि १४ या २७.१२ च्या मध्याला खेटून आहेत. ताफ्यासाठी चॅनेल ठरवताना ते टाळावेत, आणि एक मुख्य, एक राखीव असे दोन ठरवून ठेवावेत.

संचाकडे वळू. आजच्या गाड्यांत डॅशबोर्डवर मोठा टचस्क्रीन आणि खाली गिअरपर्यंत प्लॅस्टिक. जुन्या अँबेसिडरमध्ये संच खाली लटकवायला लोखंडी पट्टी तरी होती. त्यामुळे ज्यात सगळी बटणं आणि आकडे माईकमध्येच असतात आणि डबा सीटखाली जातो, तो प्रकार आपल्या गाड्यांना सोयीचा. एएम आणि एफएम दोन्ही असलेला संच घ्यावा आणि ताफ्यातल्या सगळ्यांनी एकच पद्धत ठेवावी. एक गाडी एएमवर आणि दुसरी एफएमवर असली तर चॅनेल जुळूनही नीट ऐकू येत नाही. जवळच्या गाड्यांसाठी एफएम बरं, कारण बोलणं थांबलं की स्क्वेल्च खरखर नीट दाबून टाकतो. एसएसबी या तिसऱ्या पद्धतीच्या मोहात पडू नये. त्यात शिखरशक्ती १२ वॅटपर्यंत जाते, तिला ५ वॅटच्या नियमात बसवत बसावं लागतं, आणि घरच्या माणसांना त्यातला नाजूक खुंटा फिरवून आवाज जुळवता येत नाही. इंजिनाची टकटक गाळणारा नॉइज ब्लँकर मात्र हवाच.

शक्ती वाढवणारा अँप्लिफायर लावू का, असं कोणी ना कोणी विचारतंच. लावू नये. तो बेकायदा आहे, आणि वर निरुपयोगीही. शक्ती चौपट केली, ४ ची १६ वॅट केली, तरी पलीकडच्या मीटरवर सिग्नल जेमतेम एका एस-युनिटने, म्हणजे एका खुणेने, चढतो. तेवढा फरक अँटेना डिकीवरून छताच्या मध्यावर आणली तरी पडू शकतो.

तेव्हा खरा खर्च आणि खरी डोकेफोड अँटेनावर करावी. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब आहे. तिच्या चौथ्या हिश्श्याची सरळ काठी पावणेतीन मीटरच्या आसपास भरते. एवढी काठी बोलेरोवर उभी केली तर ती शहरातल्या लोंबत्या केबलना आणि झाडांच्या फांद्यांना भिडेल. विजेच्या तारेला लागली तर जिवावरच बेतायचं. म्हणून गाडीच्या अँटेनात खाली कॉइल घालून उंची कमी करतात. जितकी बुटकी करावी तितका परिणाम घटतो. साधारण मीटरभराची, चुंबकाच्या बुडाची अँटेना हा मधला मार्ग आहे. उंच एसयूव्हीवर ती लावली की एकूण उंची पावणेतीन-तीन मीटरवर जाते. महामार्गाला ते चालतं, मॉलच्या तळघरातल्या पार्किंगला नाही. आत शिरण्यापूर्वी अँटेना काढून ठेवायची सवय लावून घ्यावी.

काठी म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी म्हणजे गाडीचं पत्र्याचं अंग. काठीखाली चहूबाजूंनी पत्रा असेल तर लहर सगळीकडे सारखी जाते. छताचा मध्य सगळ्यात उत्तम. अँटेना मागच्या डाव्या कोपऱ्यात लावली तर आवाज तिरप्या पुढच्या उजव्या दिशेला जास्त आणि इतरत्र कमी जातो. मागून येणाऱ्या काकूंना ऐकू येत नाही आणि दोष संचाला दिला जातो. पॅनोरॅमिक सनरूफच्या गाडीत छताचा निम्मा भाग काचेचा असतो. थारच्या सॉफ्ट टॉपवर किंवा फायबरच्या छतावर चुंबक चिकटतच नाही. तिथे बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या स्टेपनीच्या ब्रॅकेटला पक्कं माऊंट घ्यावं, आणि त्याचा पाया रंग खरवडून उघड्या लोखंडाला टेकवावा. छतावरच्या कॅरियरला अँटेना बांधण्याची पद्धत मला पटत नाही. कॅरियर बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा, रबरावर बसवलेला. त्याला अर्थिंग धड मिळत नाही.

रायपूरची धूळ हाही अँटेनाचाच विषय आहे. चुंबकाखाली धुळीचा थर राहिला तर दोन फेऱ्यांतच छतावर गोल चरे उमटतात, आणि पकडही ढिली होते. प्रत्येक वेळी छत आणि बूड दोन्ही ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करूनच लावावं. केबल दाराच्या रबरातून आत घेताना ती चेपली जाणार नाही अशी जागा शोधावी. मागचं दार बहुधा सोयीचं पडतं. आत येण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत आत न येता तिथूनच गळून जातं. ५० ओहमची आरजी-५८ केबल एवढ्या अंतराला पुरते.

वीज थेट बॅटरीवरून घ्यावी. नव्या गाडीच्या वायरिंग हार्नेसला कुठेही जोड मारू नये. वॉरंटी जाते ती जाते, वर बीएस-६ गाडीतल्या संगणकाने एखादा दिवा पेटवला तर कारण सापडता सापडत नाही. ४ वॅटच्या संचाला दोनेक अँपिअर लागतात. संचासोबत आलेला फ्यूज तसाच ठेवून एक फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घालावा, कारण वायर वाटेत कुठे घासून शॉर्ट झाली तर संचापाशी असलेला फ्यूज काही वाचवत नाही. सिगारेट लायटरचं सॉकेट तात्पुरत्या कामाला चालेल, पण त्यातून येणारा आवाज सहन करावा लागतो. ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. तिथे १२ व्होल्टचा कन्व्हर्टर हवा, आणि स्वस्त कन्व्हर्टर स्वतःच पट्टाभर कर्कश आवाज पसरवतो.

आवाजाची वर्गवारी कानाने करता येते. अॅक्सिलरेटर दाबल्यावर चढत जाणारी शिट्टी अल्टरनेटरची. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या लयीत येणारी टकटक स्पार्क प्लगची. डिझेलमध्ये ती नसते. इंजिन बंद असूनही येणारा सततचा खर्रर्र बहुतेक वेळा डॅशकॅमच्या किंवा मोबाइल चार्जरच्या पोटातून निघतो. किल्ली फक्त एका टप्प्यावर फिरवावी, इंजिन चालू करू नये, रिकामा चॅनेल लावून स्क्वेल्च पूर्ण उघडावा आणि मग चार्जर, डॅशकॅम, एलईडी पट्टी एकेक करून उपटत जावी. कुठलं उपटल्यावर खरखर खाली बसते ते लगेच कळतं. त्या चार्जरच्या वायरला फेराइटचा मणी अडकवून पाहावा. नाहीच ऐकलं तर चार्जर बदलावा. इलेक्ट्रिक गाड्यांत इन्व्हर्टरचा आवाज मुळातच असतो, त्यावर घरगुती उपाय फारसा चालत नाही.

सगळं बसलं की एसडब्ल्यूआर मोजल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नये. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते, ते हा आकडा सांगतो. १.५ असला तर सुमारे ४ टक्के परत येते, २ ला ११ टक्के, आणि ३ ला तब्बल चौथा हिस्सा. एवढ्यावर बोलत राहिलं तर संचाचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो. हे मोजमाप समता कॉलोनीच्या गल्लीत करू नये. दोन्ही बाजूंना लोखंडी फाटकं, वर तारा, शेजारी उभी गाडी. तिथला आकडा खोटा येतो. नवा रायपूरकडचे रुंद, मोकळे रस्ते या कामाला चांगले. गाडी कडेला घ्यावी, दारं आणि बॉनेट लावावं, माणसांना लांब उभं करावं. मीटर संच आणि अँटेना यांच्या मधे जोडायचा, वेगळ्या छोट्या केबलने. चॅनेल १ लावून, तो रिकामा असल्याची खात्री करून बटण दाबायचं, मीटरचा काटा 'कॅल' खुणेवर आणायचा, खटका उलट बाजूला टाकून आकडा वाचायचा, बटण सोडायचं. मग तेच १४ वर आणि २७ वर. परदेशी पुस्तिका शेवटचं मोजमाप ४० वर घ्यायला सांगते; आपला पट्टा २७ ला संपतो हे विसरू नये. चॅनेल १ वर आकडा जास्त आणि २७ वर कमी असेल तर अँटेना आखूड आहे, काठी थोडी वर ओढावी. उलट असेल तर लांब आहे, खाली ढकलावी. कापायची वेळ आलीच तर एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही. तिन्ही ठिकाणी आकडा मोठाच राहिला तर लांबीचा दोष नाही. अर्थिंग नीट नाही किंवा प्लगचं सोल्डरिंग कच्चं आहे. कार डेकोरच्या दुकानात हा मीटर सहसा नसतो, त्यामुळे "बसवून देतो" म्हणणाऱ्याला आधी "मोजून देणार का?" असं विचारावं. मीटर विकत घेणं हा चारही गाड्यांत मिळून एकदाच करायचा खर्च आहे.

एवढं केल्यावर पल्ला किती? शहरात दोन-तीन किलोमीटर, मोकळ्या सपाट रस्त्यावर आठ-दहा, कधी त्याहून जास्त. राजनांदगावच्या बाजूला जमीन सपाट आहे, तिथे बरं चालतं. केशकाल घाटात, एका पाठोपाठच्या वळणांत, मधे डोंगर आला की अर्धा किलोमीटरही जड जातो. सूर्यावरचे डाग वाढलेल्या काळात उलटा चमत्कार होतो. शेजारची गाडी ऐकू येत नाही आणि हजारो किलोमीटरवरचा कोणी परक्या भाषेत स्पष्ट बोलतो. ते ऐकून हरखून जावं, पण ताफ्याला त्याचा उपयोग शून्य.

रस्त्यावरच्या वापरात सगळ्यात मोठी चूक ड्रायव्हरच्या हाती माईक देण्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, गाडी चालवताना हातात धरायचं संपर्कसाधन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात घातलं आहे. सीबीचा माईक त्यात येतो की नाही यावर नाक्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शेजारी बसलेल्याने बोलावं. बोलावंही मोजकं : आधी कोणाला, मग काय. दुसरी चूक ओव्हरटेकची. पुढची गाडी "रिकामं आहे, या" म्हणते आणि मागचा डोळे झाकून ट्रकच्या उजवीकडे शिरतो. दुपदरी रस्त्यावर पुढच्याला दिसलेलं रिकामं मागच्यापर्यंत पोचेस्तोवर भरलेलं असतं. खड्डा, गुरं, बंद पडलेला ट्रक, एवढंच सीबीवर सांगावं. ओव्हरटेकची परवानगी देऊ नये आणि मागूही नये. बलौदाबाजारच्या सिमेंट पट्ट्यात चुनखडीच्या खाणी आहेत, तिकडे जाताना एक पथ्य जास्तीचं. सुरुंगाच्या विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरला जवळचा ट्रान्समीटर धोक्याचा असतो. ब्लास्टिंगचा फलक दिसला की संच बंद करावा. पेट्रोल पंपावरही तेच.

सीबीला पर्याय दोन आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे छोटे हँडसेट २०१८ च्या नियमांपासून परवान्याविना वापरता येतात. मान्यता पाहून घेतले तर निर्धोक. गाडीच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांचा आवाज फार लांब जात नाही, पण चिकटून चालणाऱ्या दोन गाड्यांना, आणि उतरल्यावर जत्रेत किंवा जंगलात चालताना, ते सीबीपेक्षा सोयीचे. ज्यांना या विषयात खरी गोडी लागेल त्यांनी हॅमकडे वळावं. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा आणि व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाइन मिळते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर गाडीची अँटेना अर्ध्या मीटरची पुरते आणि आवाजही स्वच्छ. पलीकडे माणसंही असतात, हा सगळ्यात मोठा फायदा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम संचावर अंदमानची खबर देशाला दिली होती. अडचण एवढीच की प्रत्येक बोलणाऱ्याकडे परवाना हवा. वऱ्हाडातल्या मामांना आणि आत्यांना परीक्षेला बसवणं काही जमायचं नाही, आणि धंद्याचे निरोप तर त्यावर देताच येत नाहीत.

म्हणून माझा कौल असा : एकाच गाडीसाठी सीबी घेऊ नका, ते पैसे चांगल्या टायरवर घाला. वर्षातून दोन-तीनदा तीन किंवा अधिक गाड्या मिळून निघत असाल, तर सगळ्यांनी एकाच मॉडेलचे, ईटीए असलेले एएम-एफएम संच आणि एकाच जातीच्या अँटेना एकत्र घ्या, चॅनेल १ ते २७ मध्येच राहा. आणि पहिल्या प्रवासाच्या आदल्या रविवारी सगळ्या गाड्या नवा रायपूरला नेऊन एसडब्ल्यूआर मोजून घ्या. लग्नाच्या सकाळी दारात बँड वाजत असताना ते काम होत नाही.